पिलबाग

सावद्यात ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर
आमचं ऑफिस. दोन खोल्या, एक कूलर,
आणि केळीच्या वजनकाट्यांचा सगळा कोड ज्यात राहतो
ते खोकं, ज्याला आम्ही मोठेपणानं सर्व्हर म्हणतो.

मे महिन्यात खोकं भरलं.
गिरधरभाऊ म्हणाले, नियम कर :
नव्वद दिवस ज्याला कुणी हात लावला नाही
असं अर्धवट राखून ठेवलेलं काम
यंत्रानं पुसून टाकावं.
न विचारता. रात्री दोनला.

सात ओळींचं काम, चहा निवायच्या आत होणारं.
चालवण्याआधी म्हटलं, यादी तर बघू.

चारशे बारा.
'चाचणी'. 'चाचणी दोन'. 'शेवटचं'.
'खरंच शेवटचं'.
एक नुसतंच 'अअअअ', कुणाचा तरी कोपर टेकलेला.
'जेवून आल्यावर बघते' –
ही मी, तीन वर्षांपूर्वीची.
ते जेवण अजून चाललंय बहुतेक.

आणि दोनशे सदतिसाव्या जागी
लीलाधर वारके : 'पावशेराचं. उद्या.'

लीलाधर इथून गेला त्याला दोन वर्षं झाली.
त्याचा उद्या इथंच राहिला.

उघडलं. अकरा ओळी.
दर घडामागे काटा जे पावशेर गिळतो
ते पिकवणाऱ्याच्या बाजूला धरायला
त्यानं सुरुवात केली होती,
आणि एक कंस उघडा टाकून उठला होता,
आत्ता येतो म्हणून
दार नुसतं लोटून गेल्यासारखा.

फोन केला.
'काहाले ठेवतं व माय ते? टाक काढून.
मले तं याद बी नही.'
मागे कुठल्याशा बंदरावर लोखंड आपटत होतं.
मग तोच थांबला.
'पावशेराचं?'
बराच वेळ लोखंडच ऐकू येत राहिलं.
'कंस बंद नसंल केला मी,' म्हणाला, आणि ठेवला.

आमच्या चिनावलच्या मळ्यात घड उतरला
तरी बाबा खोड लगेच आडवं करत नाहीत.
आधी पानं. मग अर्धं.
उरलेलं उभंच, काळवंडलेलं, गळकं,
बघणाऱ्याला वाटावं आळस आहे.
त्याचं पाणी हळूहळू बुडाच्या पिलात उतरतं.
पील कमरेला लागलं की मग कोयता.
भाव नवतीला जास्त, पिलबागेला कमी,
हे बाबांना आडतीतल्या पोरापेक्षा चांगलं कळतं.

पण सगळीच पिलं राखली
तर ती बाग कसली, रान.
म्हणून दर पंधरवड्याला ते फिरतात,
एक ठेवतात, बाकीची छाटतात.
छाटताना वाकतात.
कुठलं पील, कुठल्या अंगाला, किती जोमाचं,
बोटानं माती सारून बघतात, मग छाटतात.

माझा सगळा वाद त्या वाकण्याचा आहे, गिरधरभाऊ.

त्या रात्री तीनशे नव्वद मी हातानं पुसली.
'अअअअ'सुद्धा उघडून बघितलं.
खरंच काही नव्हतं.
कूलरमधलं पाणी संपलं, डास आले,
खाली केळीचे ट्रक रावेरच्या बाजूनं जात राहिले.

सकाळी सांगितलं, नियम लिहिलाय.
नव्वद दिवसांनी यंत्र यादी काढून समोर ठेवील :
नाव, तारीख, पहिली ओळ.
पुढचं माणसानं करायचं.

'एवढा वेळ कुणाकडे आहे?'

नवी डिस्क साडेतीन हजाराला मिळते, मी म्हटलं.
हे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.
त्यांनाही कळलं, मलाही.
ते कूलरमध्ये पाणी भरायला उठले.

'जेवून आल्यावर बघते' मात्र
मी पुसलं नाही. उघडलंही नाही.

दुपारी लीलाधरचा मेसेज आला.
शब्द एकही नाही,
नुसती एक खूण :

)